वरचे एक हजार

परदेशात पैसे एका जागी ठेवू नयेत, हे आमच्या साडूंचं ठाम मत. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांच्या मताला आमच्या सासुरवाडीत परिपत्रकाचं वजन आहे. त्यानुसार व्हिएतनामला निघताना आम्हा चौघांचा पैसा पाच वाटांनी निघाला. काही डॉलर साडूंच्या कमरपट्ट्यात, काही माझ्या पायमोज्यात, एक फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड, आणि शंभर डॉलरची एक करकरीत नोट ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, पिशवीतल्या मेतकुटाच्या पुडीत. चोर असला तरी तो मेतकुटात हात घालणार नाही, हा त्यामागचा विचार.

व्हिएतनामचे डोंग आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. डॉलर न्यायचे आणि तिकडे मोडायचे. ‘एका फेरीत रोख 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात,’ असं साडूंनी फॉरेक्सवाल्यालाच ऐकवलं. आम्ही त्याच्या पावपटही नेत नव्हतो. पण फॉर्मवर सही करताना साडूंचा चेहरा असा होता, की उरलेले डॉलर त्यांनी देशासाठी सोडून दिले असावेत.

हनोईत हा त्रुंग नावाची एक गल्ली आहे. तिथल्या सोन्याच्या दुकानांत पैसे बदलून मिळतात. काउंटरवरच्या पोरीला आम्ही 400 डॉलर दिले. तिने नोटा उजेडात धरल्या, यंत्रातून काढल्या आणि एक कोटी चार लाख डोंग पुढे सरकवले. कोट म्हणजे पोतं लागेल या तयारीने साडूंनी पाठीवरची सॅक रिकामी करून आणली होती. पण तिथे 5 लाखांची नोट असते, त्यामुळे कोट म्हणजे नोटा फक्त वीस. आपल्याकडे ज्याला खोका म्हणतात, तो साडूंच्या शर्टाच्या खिशात मावला आणि वर चष्म्यालाही जागा उरली. मग ताईंनी आपली शंभराची नोट काढली. पोरीने ती हातात घेतली, पिवळा डाग पाहिला, नाकाशी नेली, शेजारच्या बाईलाही वास दिला, आणि दोघींनी एकमताने परत केली. डागाळलेला डॉलर तिथे चालत नाही. ती नोट पुढे सगळा व्हिएतनाम हिंडली.

आता हिशेब. रुपयाला साधारण 300 डोंग. साडूंची रीत अशी: शेवटची तीन शून्यं उडवायची, उरेल त्याची तिप्पट करायची आणि तिच्यात तिचाच दहावा हिस्सा मिळवायचा. व्हिएतनामी हॉटेलवाले मुळात हजार लिहीतच नाहीत. मेन्यूवर नुसतं 55 असतं, म्हणजे 55 हजार. हे कळल्यावर साडूंना आपलं निम्मं काम कुणीतरी परस्पर उरकल्यासारखं वाईट वाटलं. ‘55, म्हणजे 165, अधिक साडेसोळा, 181 रुपये 50 पैसे,’ असं ते वाफाळत्या फोवर जाहीर करत. मग ‘एवढ्यात पुण्यात काय आलं असतं’ यावर चर्चा व्हायची आणि तोवर फो गार. माझं प्रामाणिक मत विचाराल तर साडू परदेशात देश बघायला जातच नाहीत. ते भागाकार करायला जातात, आणि त्यात ते आमच्यापेक्षा कितीतरी जास्त रमतात.

क्रेडिट कार्डाचं आन्हिक वेगळं. 2020 पासून आपल्याकडे नवीन कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ते आपण होऊन सुरू करावं लागतं. साडू बिल आलं की मोबाइलमधून ते सुरू करत, पैसे देत आणि वेटर वळायच्या आत, गॅसचा रेग्युलेटर बंद करावा तसं, लगेच बंद करत. दा नांगच्या एका हॉटेलात मशीनने विचारलं, बिल डोंगमध्ये भरणार की रुपयांत? रुपया दिसताच बायको हरखली. ‘भावोजी, इथे रुपये घेतात!’ साडूंनी नुसता हात वर केला. ‘तिथेच फसतात सगळे,’ ते म्हणाले. मशीन रुपये दाखवतं ते स्वतःच्या पडेल भावाने, तेव्हा कायम त्या देशाचंच चलन निवडावं. बँक तिची तीन-साडेतीन टक्क्यांची दक्षिणा घेईल, पण ती ओळखीची बँक आहे. वेटर सगळं भाषण होईपर्यंत मशीन धरून उभा. तोवर मशीन थकून पहिल्या पडद्यावर गेलं होतं.

होई आनच्या जुन्या गावात परदेशी माणसाला 1 लाख 20 हजारांचं तिकीट पडतं. त्यात तिथला प्रसिद्ध जपानी पूल आला. हाच पूल 20 हजारांच्या नोटेमागे छापलेला आहे, मग एक लाख जादा कशाचे, हा साडूंचा प्रश्न तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंना समजला नाही, हे त्या बाईंचं नशीब. त्या नोटेचा खरा घोटाळा निराळाच: 20 हजारांची निळी आणि 5 लाखांचीही निळसरच, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. नदीकाठच्या शहाळेवालीला साडूंनी मावळत्या उजेडात 20 समजून 5 लाख दिले. म्हातारीने नोट पाहिली, मान हलवली, ती परत त्यांच्या मुठीत कोंबली आणि त्यांच्याच पुडक्यातून बरोबर वीसची नोट बोटाने ओढून घेतली. सोळाशे रुपये वाचले. आम्ही भारावलो. साडू शहाळं संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘एवढी सरळ बाई पंधराला पण देऊन गेली असती. आपण घासाघीस केली नाही.’

पण खरी पंचाईत झाली दा नांगजवळच्या लिन उंग पॅगोडात. समोर 67 मीटर उंच पांढरी मूर्ती, खाली समुद्र, आणि ताईंना दानपेटीत 51 हजार घालायचे. पन्नास घालून हात झटकणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही, वरचा एक हवाच. नाणी तिथे चालत नाहीत, आणि हजाराची नोट, म्हणजे आपले तीन-सव्वातीन रुपये, पर्यटकाच्या हाती सहसा येत नाही. उदबत्तीवालीने दोन हजारांची दिली. ‘बावन्न नको,’ ताई म्हणाल्या. साडूंनी पायमोजेसुद्धा तपासले; तेही माझे. शेवटी आमची ही शोधाशोध बघत असलेल्या एका पोक्त बाईने पर्समधून घडी झालेली हजाराची नोट काढून दिली आणि बदल्यात काही घ्यायला साफ नकार दिला. त्या नोटेच्या मागे ओंडके ओढणारा हत्ती आहे. ताईंनी आधी हत्तीला नमस्कार केला, मग नोट पेटीत गेली.

परत आल्यावर साडूंनी दोन्ही घरांचा हिशेब मांडला. रात्री फोन आला, ‘तुमच्याकडे 43 हजार निघतात.’ बायको मटकन खाली बसली. मी तीनशेने भागून 143 रुपये लगेच यूपीआयने पाठवले. दोन मिनिटांत त्यांचा मेसेज: ‘मिळाले. भाव आजचा धरलात, आपण हनोईत मोडले तो धरा. शिवाय ताईंचे वरचे एक हजार मी देणगीत दाखवलेत, ते सामाईक.’