हात न मळवता इंजिनिअर व्हा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : बारावीचे बऱ्यापैकी मार्क, सिनिअरचं पूर्ण भरलेलं जर्नल, सबमिशनच्या आदल्या रात्रीसाठी दोन पेनं आणि वर्कशॉपच्या मामांशी गोडीगुलाबीचे संबंध. अ‍ॅप्रन लागतो, पण आत शिरण्यापुरता. तो धुवायची वेळ आली तर आपलं काहीतरी चुकतंय असं समजावं.

पायरी पहिली : वर्कशॉप

पहिल्या वर्षी ब्रँच कुठलीही असो, फिटिंगचा जॉब पदरी पडतोच. माइल्ड स्टीलचा तुकडा, त्यावर मार्किंग, मग हॅक्सॉ, मग कानस. यातली कानस सगळ्यात धोक्याची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कानस चालवणं बघायला सोपं असतं. पुढे ढकलताना सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा आणि शेवटाकडे उजव्याचा जास्त, असं साधलं तरच पृष्ठभाग सपाट येतो. नवख्याचे हात झुलतात. तुकडा मधे फुगतो, कडांना उतरतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला की कडेच्या फटीतून उजेड डोकावतो. फट घालवायला पुन्हा घासावं तर सपाटी येते आणि माप जातं. मग मेल-फिमेलची जोडी बसत नाही, किंवा इतकी सैल बसते की हातात धरून हलवली तर खुळखुळते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेल्या ‘टॉलरन्स’चा अर्थ नेमका इथे, घामाघूम अवस्थेत, कुणी न शिकवता कळतो.

तो कळू द्यायचा नसेल तर वेळीच मामांना गाठावं. ‘‘मामा, तेवढा जॉब बघा ना,’’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मामांच्या जॉबला गुण्या लावा, उजेडाचा टिपूसही दिसणार नाही. कॉलेजात प्रत्यक्ष शिक्षण होत नाही असं कुणी म्हणू नये. मामांचं दरवर्षी होतंच आहे.

ओरलला एक्स्टर्नल विचारतील, हॅक्सॉच्या ब्लेडचे दात कुठल्या दिशेला असतात? ते मुठीपासून पुढच्या बाजूला असतात, कारण ब्लेड पुढे ढकलताना कापतं. हे पाठ करावं. हॅक्सॉ चार वेळा चालवला असता तर पाठ करावं लागलं नसतं, पण पाठांतराची आपल्याला चांगली सवय आहे.

पायरी दुसरी : जर्नल

आधी प्रयोग, मग रीडिंग, मग ग्राफ, शेवटी रिझल्ट, हा क्रम पुस्तकातला. आपण रिझल्टपासून निघावं. उत्तर ९.८१ यायचं असेल तर तिथून मागे मागे गणित करत रीडिंगपर्यंत यावं. ग्राफवरचे सगळे बिंदू मात्र रेषेवर बसवू नयेत. एखादा किंचित बाजूला ठेवावा, त्याने खरेपणा येतो. छापण्यातही एक कला आहे, आणि ती कला आमची मुलं खरोखर स्वतःच्या हाताने शिकतात.

सिव्हिलची स्लंप टेस्ट घ्या. ३०० मिलिमीटर उंचीचा लोखंडी शंकू, त्यात थराथराने काँक्रीट, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. ग्रुपमधला एक जण ठोसे देतो, एक जण मोजतो, बाकीचे दारात उभे राहून जर्नलात ७५ मिलिमीटर लिहितात. सिनिअरच्याही जर्नलात ७५ आणि त्याच्याही सिनिअरच्या. दरम्यान नदीची वाळू जाऊन क्रश सँड आली. तिचे दाणे टोकदार, त्यामुळे तेवढाच मऊपणा आणायला पाणी सहसा जास्त लागतं. जर्नलातल्या काँक्रीटला याची खबर नाही.

एखाद्या ग्रुपचा माल खरंच भसकन बसला आणि रीडिंग १६० आलं, तर तो सगळ्यात शिकण्यासारखा दिवस. पाणी जास्त झालं? वाळू आधीच ओली होती? शंकू तिरका उचलला? पण ‘रीडिंग का चुकलं’ याला मार्कांच्या तक्त्यात रकाना नाही, जुळलेल्या रीडिंगला आहे. तेव्हा मुलांना नावं ठेवू नयेत. त्यांनी तक्ता नीट वाचला आहे.

पायरी तिसरी : प्रोजेक्ट

रेडीमेड मिळतो. कुठली वायर ओढायची नाही एवढं विकणाऱ्याकडून विचारून घ्यावं.

पथ्य

पुण्यातल्यांनी एका रिलेसाठी तपकीर गल्लीत स्वतः जाऊ नये. काउंटरवरचा माणूस ‘‘किती व्होल्टचा?’’ असं विचारतो आणि आपली बोबडी वळते.

जुन्या लोकांची चरित्रंही वाचू नयेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून ते चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. इंजिनिअरिंगची पदवी नसताना व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या-दुरुस्त केल्या आणि पुढे लोखंडी नांगर ओतले. अशी उदाहरणं मनात नसत्या शंका उभ्या करतात. शिरूरकडच्या पाबळला तर सहलीलाही जाऊ नये. तिथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली पोरंही तिथे वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, बांधकाम करतात, आणि करता करता त्यामागचं शास्त्र शिकतात. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे पाहणं प्रकृतीला बरं नाही.

पायरी शेवटची : साइट

डिग्री हातात आली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, स्लॅबचा दिवस, मिक्सर फिरतोय. मिस्त्री विचारतो, ‘‘साहेब, माल घट्ट झालाय. बादलीभर पाणी वाढवू का?’’

पाणी वाढलं की माल सरसर पसरतो, कामगार खूश होतात आणि काँक्रीटची ताकद घटते, हे पेपरात लिहिलेलं आठवतं. पण समोरचा माल खरोखर घट्ट आहे की मिस्त्रीला घरी जायची घाई आहे, ते बघून कळत नाही. ७५ लिहिलं होतं, पण ७५ बसलेला माल कधी पाहिलेलाच नसतो. अशा वेळी फोन कानाला लावावा, दोन पावलं बाजूला सरकावं आणि मान हलवावी. ती होकाराची की नकाराची, हे मिस्त्री आपल्या सोयीने ठरवतो.

काँक्रीटची ताकद बघायला भरलेले क्यूब २८ दिवसांनी फोडतात. तेवढ्यात दुसऱ्या साइटवर बदली मागून घ्यावी.