छप्पन्न की अठ्ठावन्न?

“सध्या फार टेन्शन आहे,” असं माझा भाचा म्हणाला आणि ताईची पोळी तव्यावर करपली. वाळूजच्या कंपनीत काही झालं की काय, परवा बघून आलेल्या मुलीकडून नकार आला की काय, असं सगळं तिच्या चेहऱ्यावर एका क्षणात येऊन गेलं.

“किती दिवसांपासून रे?”

“कालपासून. साडेसतरा पाहिजे होतं, पावणेएकोणीसवर गेलंय.”

ताईला वाटलं रक्तातलं काहीतरी. मी मामा असल्यामुळे मला ठाऊक होतं की हे पाउंड आहेत आणि ते गिटारच्या सहाव्या तारेचे आहेत.

सिडकोत त्याला गेजराव म्हणतात. गेज म्हणजे तारेची जाडी, ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दहाची तार म्हणजे पाव मिलिमीटर, शेहेचाळीसची म्हणजे सव्वा मिलिमीटरला थोडी कमी. बाजारात मिळणारा दहा-शेहेचाळीसचा सेट जगातली निम्मी माणसं निमूट लावतात आणि गाणी वाजवतात. गेजराव निमूट लावणाऱ्यांतला नाही. आणि खरं सांगायचं तर गाणी वाजवणाऱ्यांतलाही नाही.

त्याला सूर खाली हवा असतो. ड्रॉप सी. म्हणजे पाच तारा दोन-दोन अर्धस्वर उतरवायच्या आणि सहावी, सगळ्यांत जाड, चार अर्धस्वर. मेटल वाजवायचं तर असंच, असं तो म्हणतो. आता तार उतरवली की सैल पडणारच, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. शेहेचाळीसची तार मूळ सुरात साधारण साडेसतरा पाउंडांनी ताणलेली असते, आपल्या हिशेबात आठ किलो. ती चार अर्धस्वर उतरवली की अकरा पाउंड उरतात. मग ती फ्रेटवर आपटते, थरथरते, बोटाखाली वाकडी होते. गेजरावच्या भाषेत ‘लोळते’. “मामा, बघ कशी लोळतेय,” असं म्हणून तो ती छेडतो आणि उनाड मुलाची तक्रार घेऊन आलेल्या मास्तरांसारखा माझ्याकडे बघतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे लांब मानेची गिटार घ्यायची. साधी गिटार साडेपंचवीस इंची असते, सत्तावीस इंची आणि त्याहून लांब बॅरिटोन मिळतात. तार लांब झाली की खालच्या सुरातही ओढ टिकते. एकदा मी भीतभीत सुचवलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी उपासाच्या दिवशी ऑम्लेट सुचवलं होतं. “त्यात काय मजा? साडेपंचवीसवरच जमवलं पाहिजे.”

म्हणून दुसरा उपाय: जाड तार. त्याच्याकडे एक एक्सेल शीट आहे. सूर, लांबी, तारेचं वजन घातलं की ओढ येते. ओढ सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे तो पोहे खाता खाता सांगतो. त्या हिशेबानं साडेसतरा पाउंड परत मिळवायचे तर अठ्ठावन्नची तार लागते. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तयार सेट येतो तो बारा-साठचा. साठला ओढ पावणेएकोणीस होते, आणि बारीक तारा इतक्या कडक की बोटांची सालटं निघतात. छप्पन्नला सोळाच्या वर थोडी, “म्हणजे किंचित लोळणार.” मग वरच्या तीन तारा एका सेटमधल्या, खालच्या तीन दुसऱ्यातल्या. इथे वरच्या म्हणजे सुरानं वरच्या, ज्या गिटारवर खाली असतात. हा घोळ मी सहा महिने समजून घेतला आणि मग नाद सोडला.

जाड तार आणायला आम्ही एकदा औरंगपुऱ्याच्या बाजूला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानात पेट्या, तबले, ढोलक्या आणि कोपऱ्यात चार गिटारी. दुकानदार चाचा नऊची आणि दहाची पाकिटं काढून बसले.

“छप्पन्न आहे का?” गेजरावनं विचारलं.

चाचांनी चष्मा वर केला. “छप्पन? मियाँ, वो तार नै, क्लच वायर है. सामने गॅरेज में पूछो.”

गेजराव हसला नाही. त्यानं खिशातून मायक्रोमीटर काढला. तो कंपनीत क्वालिटीला आहे, पण हा मायक्रोमीटर त्याचा स्वतःचा, पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्यानं चाचांच्या पाकिटावर छापलेली जाडी खरी आहे का ते तिथल्या तिथे तपासलं. चाचांनी मला डोळ्यांनीच विचारलं, की पोरगा असाच आहे का पहिल्यापासून. मी डोळ्यांनीच हौ म्हणालो.

तेव्हापासून तारा कुरिअरनं येतात. तार येणं हा सोहळ्याचा पहिला दिवस फक्त. छप्पन्नची तार शेहेचाळीससाठी कापलेल्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही. मग खाच घासायची, आणि ती घासायला गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुया. त्या त्यानं शहागंजच्या बाजारात हुडकून काढल्या, त्याचं कौतुक तो अजून सांगतो. मग ओढ वाढली म्हणून मान वाकते. साध्या सेटमध्येही सहा तारा मिळून मानेवर सत्तेचाळीस किलोच्या आसपास ओढ असते, म्हणजे जवळजवळ गव्हाचं एक पोतं. मग ॲलन की घालून मानेतला ट्रस रॉड पाव फेरा. “पावच, मामा. जास्त नाही. मग रात्रभर ठेवायची.” लोणचं मुरायला ठेवावं तशी गिटार कपाटावर. सकाळी बघावं तर ब्रिज ओढून धरणाऱ्या मागच्या स्प्रिंगा कमी पडतात. तीनाच्या चार. मग ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवायचं, ते मागे जात नाही, मग त्याच्या स्क्रूवरची स्प्रिंग कापायची. एवढं सगळं झालं की तो एक सूर छेडतो, डोळे मिटतो, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे असतो.

“फील नाही येत यार.”

पुन्हा शेहेचाळीस.

मुहम्मद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी आमच्या देवगिरीला हलवली आणि काही वर्षांनी परत नेली, त्याला इतिहासवाले वेडा म्हणतात. मला तो आता तितकासा वेडा वाटत नाही. त्यालाही फील आला नसेल.

या सगळ्यात घराचं म्हणाल तर घर रुळलंय. काढलेल्या तारा ताई फेकून देत नाही. गॅलरीतला दोडक्याचा वेल अमेरिकन निकेलवर चढलाय. माठावरचा पडदा बावन्नच्या तारेवर आहे. फक्त नळाच्या दिवशी पंचाईत होते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा घरातल्या प्रत्येक हातात बादली पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी हा तार गुंडाळत असतो. एका हातानं ओढून धरलेली, दुसऱ्यानं कान पिळणं चालू. “सोडता येत नाही आई, गुंडाळी सुटेल!” ताई म्हणते, वडाला सुद्धा सातच फेरे असतात रे.

दाजी मात्र बराच काळ रुळले नव्हते. ते वाळूजला प्रेस शॉपमधून रिटायर झाले. “काय करायलास रे हे? एक गाणं तरी आलं का?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. एके दिवशी गेजरावनं त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतराव्या वर्षी मशीनवर दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, बँजोच्यासुद्धा लावून पाहिल्या. पुढे सूरही उतरवला. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या रेकॉर्डमधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे.

दाजी पेपर खाली ठेवून ऐकत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मशीनला गार्ड नसेल.”

पंधरा-वीस मिनिटांनी चहा पिताना पुन्हा म्हणाले, “म्हणजे त्या पोरानं बोटं दुखू नयेत म्हणून तारा सैल केल्या. आणि तू सैल करून परत घट्ट करतोस?”

गेजराव गप्प. या प्रश्नाला एक्सेलमध्ये कॉलम नव्हता. पण त्या दिवसापासून दाजी नट घासताना टॉर्च धरतात.

समर्थनगरच्या आमच्या आत्यानं तर त्याची पुरतीच फजिती केली. आत्यानं जन्मभर गाणं शिकवलं. तिच्याकडे मिरजेचा जुना मर्दानी तंबोरा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा तिनं आपल्याच तंबोऱ्याला हार घातला. गेजराव तिला तासभर आयोमी समजावत होता.

“तीन अर्धस्वर खाली म्हणजे कुठे?”

“सी शार्प, आत्या.”

“काळी एक! अरे, बाप्ये गातातच तिथे.” तिनं तंबोरा मांडीवर घेतला, शिष्यांसाठी काळी एकलाच लावून ठेवलेला. खर्जाची पितळी तार छेडली. गेजरावनं मोबाइलवरचा ट्यूनर समोर धरला. एकोणसत्तर हर्ट्झच्या किंचित वर. आयोमीची मोकळी सहावी तार वाजते नेमकी तिथेच.

“दांडी बघ केवढी लांब ठेवलीय,” आत्या म्हणाली. “खर्ज पाहिजे तर लांबी पाहिजे. बायकांचा तंबोरा लहान, तारा बारीक. हे काय नवीन शोधायलास?”

परत येताना क्रांती चौकापर्यंत तो बोलला नाही. सिग्नलला म्हणाला, “पण तंबोऱ्याला तिनं किती गेजची तार लावलीय, ते मोजायचं राहिलं.”

गणपतीत सोसायटीनं त्याला आरतीला साथ करायला बसवलं. पेटीवाले काका म्हणाले, पट्टी सांग. हा म्हणाला, मोकळ्या तारेवर सी आहे, तिथेच मजा येईल. काकांनी पांढरी एक धरली. बायकांना खाली पोचेना, वर चढेना. मुलांनी टाळ्यांवर भागवलं. “जरा वर घे की,” कुणीतरी म्हणालं. हा म्हणाला की तारा अठ्ठावन्नच्या आहेत, वर घेतल्या तर ब्रिज उचलला जाईल, अर्धा तास द्या. प्रसादाचे मोदक समोर असताना अर्धा तास कोण देतो? आरती तशीच झाली, तळघरातून आल्यासारखी. दुसऱ्या मजल्यावरचे ऐंशी वर्षांचे घोगऱ्या आवाजाचे आजोबा तेवढे खूश होते. त्यांनी गेजरावच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, की एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा आमच्या पट्टीत आरती झाली. गेजराव हे प्रशस्तिपत्रक म्हणून सांगतो.

मला पूर्वी वाटायचं, हा वाजवणार कधी? आता वाटतं, हेच त्याचं वाजवणं. मी तरी काय वेगळा? लेख लिहायला बसण्याआधी मी चार पेनं झटकून बघतो, टेबल खिडकीकडे सरकवतो, परत भिंतीकडे आणतो. तुमच्याकडे कुणी चहाची पत्ती बदलत असेल, कुणी उशी.

ताईच्या स्वयंपाकघराची भिंत त्याच्या खोलीला लागून आहे. त्यानं मोकळी सहावी तार जोरात छेडली की मांडणीतलं एक स्टीलचं ताट गुणगुणतं. तिला ट्यूनर लागत नाही. ताट वाजलं की म्हणते, “उतरला वाटतं आज पोरगा.”

परवा रात्री मी तिथेच होतो. आतून सूर आला, ताट गुणगुणलं. ताईनं भाकरी थापता थापता मान तिरकी केली, पुन्हा ऐकलं, आणि ओरडून सांगितलं, “अरे, परवाची बरी होती! ही जरा मुकी वाटते.”

गेजराव दारात येऊन उभा राहिला. हातात मायक्रोमीटर. “आई, परवा छप्पन्न होती. आज अठ्ठावन्न लावलीय.”

“मग छप्पन्नच राहू दे.”

त्या रात्री साडेअकराला छप्पन्न परत चढली. दाजींनी टॉर्च धरला होता. त्याला आता दोन आठवडे झाले, तार तीच आहे.