साहेबांनी हातमोजे चढवले हो!

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींत सध्या दबक्या आवाजात काय बोललं जातं म्हणाल, तर कोणाचा घटस्फोट नाही की कोणाचं अडकलेलं ग्रीन कार्ड नाही. तो माल शिळा झाला. गणपतीच्या प्रसादाची वाटी हातात धरून, आजूबाजूला बघून घेऊन, हळूच पुढे सरकवली जाणारी बातमी आता एवढीच असते: "कळलं का? त्यांनीही आरव्ही घेतली म्हणे. भाड्याने. पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांसकट निघालेत!"

शिव शिव! चार बेडरूमचं घर, अंगणात लिंबाचं झाड, भांडी घासायला मशीन. ते सगळं कुलूपबंद करायचं, आरव्ही नावाच्या पंचवीस फुटी, चाकांवरच्या घरवजा डब्यात सहा माणसं कोंबायची आणि यूटाच्या वाळवंटात जायचं. कशाला? तर दगड बघायला. लाल दगड, पिवळे दगड, भोक पडलेले दगड. "दगडच बघायचे होते तर सह्याद्री काय ओस पडला होता?" असं एका सासूबाईंनी विचारलं, तेव्हा सुनेने लॅपटॉप उघडून त्यांना एक्सेलची शीट दाखवली. सासूबाई गप्प झाल्या. शीटला अकरा टॅब होते. त्यातला एक नुसता डाळ-तांदळाचा.

हे खूळ नेमकं कशाचं, ते सांगते. यूटा राज्यात पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत: झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटॉल रीफ, कॅन्यनलँड्स आणि आर्चेस. तिथल्या पर्यटन खात्याने 2013 साली 'मायटी फाइव्ह' अशी जाहिरात काढून या पाचांची मोट बांधली, आणि आपल्या लोकांच्या मनात अष्टविनायक जागा झाला. आता तीनच करून परत येणाऱ्याची यात्रा अपुरी राहिली असं समजतात. शिवाय क्रमावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो झायनपासून सुरुवात, दुसरा म्हणतो मोआबला जाऊन आर्चेसपासून उलटं यायचं. या वादात आमच्या ओळखीच्या दोन जोडप्यांचं बोलणं बंद झालंय. नावं विचारू नका.

खरं कांड बुकिंगचं. झायनमधल्या वॉचमन कॅम्पग्राउंडच्या जागा सहा महिने आधी सुटतात. यूटात सकाळचे आठ, कॅलिफोर्नियात सात, आणि उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात. म्हणून काय करतात माहितेय? कोथरूडमधल्या नणंदेला कामाला लावतात! ती बिचारी ऐन मालिकेच्या वेळी लॅपटॉप घेऊन बसते, तिचा नवरा शेजारी फोनवर, आणि इकडे फ्रीमाँटमध्ये दादा-वहिनी दोन खोल्यांत दोन मशीनवर. तत्काळच्या तिकिटांवर हात बसलेली ही पिढी, तरीही आठ वाजून काही सेकंदांत हव्या त्या तारखा गुल होतात. मग दादा म्हणणार नणंदेचं वायफाय हळू, नणंद म्हणणार दादाला तारीखच नीट सांगता आली नाही. त्या संध्याकाळनंतर भाऊबीजेच्या ओवाळणीत काय फरक पडतो यावर कोणीतरी लिहायला हवं.

पुढचा धक्का. झायनमध्ये एंजल्स लँडिंग नावाचा एक कडा आहे. शेवटचा अर्धा मैल साखळीला धरून जायचं, दोन्ही बाजूंना खोल दरी. या कड्यावर चढायला एप्रिल 2022 पासून लॉटरी लागते. लॉटरी! पैसे भरायचे, चिठ्ठीत नाव यायची वाट बघायची आणि मग जीव धोक्यात घालायचा. हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढलेले एक काका हे ऐकून इतके भडकले की त्यांनी चहा अर्धा टाकला. नंतर कळलं, त्यांनीच गुपचूप अर्ज भरला होता आणि नंबर लागला नव्हता.

खर्चाचं बोलू नये, पण बोलणारच. सासरे दारात उभ्या असलेल्या त्या धुडाला एक प्रदक्षिणा घालतात आणि भारतीय बापाच्या तोंडून जो प्रश्न येतो तोच येतो: "ॲव्हरेज किती देते?" जावई छताकडे बघतो. गॅलनला आठ ते दहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम चार किलोमीटर. आणि बे एरियापासून झायन हजार किलोमीटरच्या वर. सासऱ्यांनी मनात गुणाकार केला आणि रात्री जेवताना दही मागितलं नाही. शिवाय मैलाला वेगळे पैसे, जनरेटर चालवला तर तासाला वेगळे, उशा-चादरींचे वेगळे. शहाणी माणसं म्हणून लास व्हेगासला विमानाने उतरतात आणि तिथून गाडी घेतात; झायन तिथून अडीच-तीन तासांवर. पण मला सांगा, व्हेगासला जाऊन एक पत्ता न पिसता, एक दिवा न बघता, थेट गॅरेजात जाऊन पाण्याची नळी कशी जोडायची याचं प्रात्यक्षिक बघणं, याला मर्यादाशीलपणा म्हणायचा की काय?

पुण्याहून आलेल्यांसाठी आणखी एक बातमी आहे, आणि ती अफवा नव्हे. 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पाहुण्यांना सगळ्या उद्यानांचा वार्षिक पास 250 डॉलरला झाला आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना तो 80 लाच मिळतो. पास नसेल, तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत सोळा वर्षांवरच्या दर परदेशी माणसामागे 100 डॉलर जादा. आई-बाबांना हे सांगू नका. त्यांना 'प्रवेश फुकट होता' असंच सांगायचं, असा अलिखित नियम सगळ्या एनआरआय घरांत आहे.

गाडीच्या आत काय चालतं तेही सांगते, कान इकडे करा. जेवायचं टेबल रात्री खाली बसवलं की पलंग होतो. मुलं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर. न्हाणीघर असं की साबण पडला तर तो उचलायला बाहेर यावं लागतं. आणि स्वयंपाक! लसणाची फोडणी घातली की धुराचा अलार्म किंचाळतो. एक जण पोळी लाटतेय, दुसरा खुर्चीवर उभा राहून टॉवेलने अलार्मला वारा घालतोय, आणि शेजारच्या जागेवरचं डेन्व्हरचं म्हातारं जोडपं दार वाजवून विचारतंय, सगळं ठीक आहे ना? रात्री दहानंतर शांततेची वेळ असते, तेव्हा कुकर साडेनऊच्या आत उतरायला हवा. एका वहिनींनी तिसरी शिट्टी दहा वाजून गेल्यावर होऊ दिली. रेंजर आला. वहिनींनी त्याला वरण-भात दिला. तो खाऊन गेला असं त्या सांगतात. मला त्यातलं निम्मंच खरं वाटतं.

आता मुख्य प्रकरणाकडे येते, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत.

या गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी 'ग्रे', म्हणजे मोरीच्या सांडपाण्याची. तिसरी 'ब्लॅक', आणि ती कशाची ते तुम्हाला कळलंय. दर दोन-तीन दिवसांनी गाडी डंप स्टेशनवर न्यायची. जमिनीत झाकण असलेलं एक भोक असतं. तिथे आमचे साहेब उतरतात. सिलिकॉन व्हॅलीत ज्यांच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, ते साहेब. निळे रबरी हातमोजे चढवतात. घडीघडीचा जाड पाइप काढतात, गाडीच्या तोंडाला लावून खट्ट होईपर्यंत फिरवतात, दुसरं टोक भोकात घालून वर पाय ठेवून उभे राहतात. मग आधी ब्लॅकची दांडी ओढायची. ती पूर्ण रिकामी झाली की मग ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा केलात, किंवा ते खट्ट नीट झालं नाही, तर पुढचं वर्णन सभ्य मासिकात छापत नाहीत. 2006 सालच्या रॉबिन विल्यम्सच्या 'आरव्ही' सिनेमात ते सविस्तर दाखवलं आहे. बघायचं असेल तर जेवणाआधी बघा.

आणि साहेब याचा व्हिडिओ करतात! कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात! पन्नास अंगठे येतात. अहो, पुण्याच्या घरी याच गृहस्थांनी आयुष्यात संडासाचा ब्रश उचलला नव्हता. ते काम करणारी बाई मागच्या दाराने यायची आणि तिचा चहाचा कप वेगळा असायचा. इथे तेच काम भाडं भरून, रजा टाकून, हसत हसत करतात आणि त्याला साहस म्हणतात. त्या व्हिडिओला ग्रुपवरच्या एका मावशीने उत्तर लिहिलं: "छान. आता घरी आलास की इथलंही कर." त्या मेसेजला अंगठा एकही नाही. खरं खमंग प्रकरण हेच आहे असं माझं मत. बाकी सगळं तोंडीलावणं.

बरं, हे खूळ आपल्याच लोकांनी काढलं असंही नाही. हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन आणि टायरवाले फायरस्टोन असे तिघे 1915 ते 1924 या काळात अनेकदा मोटारींचा तांडा घेऊन रानात राहायला जायचे, आधीच्या काही सहलींत सोबत निसर्गलेखक जॉन बरोज. 1921 साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांना जाऊन मिळाले. साधं जीवन जगायला जाताना बरोबर स्वयंपाकी असत, हे लक्षात घ्या. हातमोजे फोर्डसाहेबांनी चढवले होते का, याची नोंद मला कुठे दिसली नाही.

या पाचांत नसलं, तरी ज्येष्ठांना सगळ्यांत आवडतं ते शेजारच्या ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन, आणि त्याला कारण आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने 1882 साली या दरीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि दरीतल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची प्रथा पाडली. त्यामुळे तिथे विष्णू टेंपल आहे, शिव टेंपल आहे, ब्रह्मा आहे, शेजारी झरतुष्ट्रही आहे. तळाचा काळा खडकसुद्धा विष्णूच्या नावाचा, वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षं. एका आजोबांनी कठड्याशी उभं राहून हात जोडले, आणि आजींनी विचारलं, "मग चपला कुठे काढायच्या?" बाजूच्या अमेरिकन बाईंनी फोटो काढला. आता तो कुठे फिरतोय देव जाणे.

कॅपिटॉल रीफमधल्या वर्तनाबद्दल मात्र मला खरोखरच लाज वाटते. तिथे फ्रुटा नावाच्या वस्तीत मॉर्मन लोकांनी लावलेल्या जुन्या फळबागा आहेत: चेरी, जर्दाळू, पीच, पेअर, सफरचंद. नियम असा की झाडाखाली उभं राहून खाल ते फुकट, बरोबर न्याल त्याचे पैसे. हा नियम आपल्या माणसांना सांगायचा असतो का? एका कुटुंबाने त्या दिवशी दुपारचा स्वयंपाकच केला नाही.

मधेच एक गोष्ट गंभीरपणे सांगते. शाळेच्या सुट्ट्या म्हणून सगळे जुलै-ऑगस्टमध्येच निघतात. तेव्हा मोआबला पारा चाळीसला टेकतो, आणि तिथलाही पावसाळा असतो. डोक्यावर निळं आभाळ असताना कित्येक मैलांवर पडलेला पाऊस अरुंद घळीतून भिंतीसारखा येतो. 1997 च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असेच अकरा पर्यटक गेले. घळीत उतरायच्या दिवशी सकाळी रेंजरला पुराचा अंदाज विचारायचा, आणि तो नको म्हणाला तर नको. एक्सेलमध्ये लिहिलंय म्हणून जायचं नाही. जमलं तर मे किंवा ऑक्टोबर धरा, मुलांचे चार दिवस बुडाले तर बुडू द्या.

वेळेचा घोळ तर विचारू नका. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, यूटा करतं, आणि ॲरिझोनातला नाव्हाहो लोकांचा प्रदेशही करतो. पेज गावाच्या आसपास फोन तासाभराने पुढे-मागे उड्या मारतो. अँटिलोपची टूर चुकवून नवऱ्याशी भांडलेल्या बायका मला माहीत आहेत. चूक नवऱ्याचीच होती, हेही माहीत आहे.

तर एवढं सगळं ऐकूनही तुम्ही जाणारच. जाऊन आलेले लोक परत जाताहेत, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं आहे. मग निदान एक ऐका. झायनहून ब्राइसला जाणाऱ्या रस्त्यावर 1930 साली खुला झालेला एक मैलाहून लांब बोगदा आहे. तो त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडी आली की पूर्वी रेंजर समोरची वाहतूक थांबवून, 15 डॉलर घेऊन तिला मधोमध सोडत. जून 2026 पासून मोठ्या गाड्यांना तो रस्ता बंद आहे, वळसा घालूनच जायचं. भाड्याच्या बहुतेक आरव्ही बाराएक फूट उंच असतात. तुमच्या त्या सुंदर शीटमध्ये झायन ते ब्राइस या ओळीत दोन तास लिहिलेत ना? आज रात्रीच दुरुस्त करा, आणि गाडी ठरवण्याआधी तिची उंची फोनवर विचारून घ्या.