जुना चिपर घ्या, पहिल्याच दिवशी तज्ज्ञ व्हा

बांधावरच्या झाडांची छाटणी झाली, फांद्यांचा ढीग वाट अडवून बसला आणि तो फोडायला गडी मिळेना? अभिनंदन, तुम्हाला वुड चिपर लागणार. कडबाकुट्टीचा हा थोरला भाऊ. ती चारा खाते, हा मनगटाएवढं लाकूड खातो. नवा घेतला तर नुसते पैसे जातात. जुन्यात पैसे, वेळ आणि शेजारधर्म तिन्ही जातात, म्हणजे ज्ञान जास्त मिळतं. तेव्हा जुनाच घ्या.

१. आधी गोष्ट विकत घ्या, यंत्र नंतर. निपाणीत विचाराल तर चिपर कागलकडच्या बागायतदाराचा, पोरगा पुण्याला गेला म्हणून काढलाय. कागलात विचाराल तर तोच बेळगावकडचा, 'तिकडं लई जपून वापरत्यात'. सीमेजवळचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की यंत्राचं वय आपोआप उतरतं. मूळ मालकाला भेटायचा हट्ट धरू नका, तो कायम पलीकडचाच असतो. 'भाळ चलो ऐत्री, सावकार' (लई चांगलाय, सावकार) असं कन्नडमध्ये कानावर पडलं की विसार देऊन मोकळे व्हा. हमी तोंडी मिळते, पण दोन्ही भाषांत मिळते.

२. रंग बघा आणि तिथंच थांबा. बोटाला लागणारा रंग म्हणजे मालकानं काल रात्रीपर्यंत निगा राखल्याचा पुरावा. त्याखाली वेल्डिंगचे टाके चाचपणं हे सोयऱ्याच्या घरी जाऊन डबे उघडण्यासारखं आहे. इंजिन तुम्ही पोचायच्या आधीच गरम असेल, तर त्याला आदरातिथ्य समजा. थंड इंजिन सुरू करून दाखवा म्हणू नका. शाफ्ट धरून हलवूही नका. बेअरिंग खिळखिळं निघालं तर भाव पाडून मागावा लागेल, आणि चहा तर पिऊन झालेला असतो.

३. तवंदी घाटातून आणा. घाटात जे नट गळतील ते सैलच होते, त्यांचा शोक करू नका. बाकीचं बेळगावच्या उद्यमबागेत होतं. तिथल्या फौंड्र्या आणि लेथवाले हवा तो भाग बनवून देतात. एकेक भाग बदलत गेलात की काही वर्षांत नवाकोरा चिपर तयार होतो, शिवाय जुना घेऊन पैसे वाचवल्याचं समाधान वेगळं.

४. बिनइंजिनाचा निघाला तर ट्रॅक्टरला जोडा. त्याचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे घेतो, तुम्ही जरा जास्त रेस द्या. फिरत्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून गोठ्यात टांगा, ग्रीस मारताना ते आड येतं. गळ्यातला टॉवेल मात्र असू द्या. यंत्रालाही धरायला काहीतरी लागतं.

५. पात्यांचे लाड करू नका. फिरतं पातं आणि स्थिर पातं यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट असावी म्हणतात. तुमच्याकडं करंगळी जात असेल तर हवा खेळती राहते. पाती जोडीनं काढून सारख्या वजनाची ठेवायची असतात. तुम्ही एकालाच धार लावा. मग यंत्र थरथरतं, नट पुन्हा सुटतात आणि गावाला काम सुरू झाल्याचं कळतं. रस्त्याकडेची झाडं आधी तपासू नका. त्यांच्या बुंध्यात मराठी फलकाचा खिळा असतो, वीतभर खाली कन्नड फलकाचा. सीमाभागात दोन्ही बाजूंना सारखाच न्याय देणारं एवढं एक पातं आहे. ते दोन्ही खिळ्यांवर सारखंच तुटतं.

६. कायदा जाणून घ्या. झाड कर्नाटकात असेल तर १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा, ओढ्यापलीकडं महाराष्ट्रात असेल तर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. परवानगीची चौकशी करायला दोन तालुक्यांना कोण जाणार? चुरा कोणत्या राज्याचा हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.

७. फांदी अडकली तर धीर सोडा. इंजिन बंद केलं तरी फ्लायव्हील बराच वेळ गरगरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत तोंडाजवळ हात नेऊ नये, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तक मूळ मालकाकडं राहिलं, आणि तो पलीकडं. तेव्हा हाताखालच्या पोराला 'जरा ढकल रे' म्हणा आणि स्वतः चार पावलं मागं उभे राहा. अनुभवी माणूस असाच ओळखतात.

८. विका. ताजा रंग मारा, सकाळी इंजिन तापवून ठेवा आणि 'वर्षात दोनदाच वापरलाय' म्हणा. त्यात खोटं काही नाही. एकदा आणल्या दिवशी, एकदा गिऱ्हाइकाला दाखवायला. मधले सगळे दिवस तो दुरुस्तीलाच होता.