शून्यापेक्षा जास्त

जून लागला की दौंड तालुक्यातल्या आमच्या केडगावात दोन गोष्टींची चौकशी वाढते, पावसाची आणि कॉम्प्युटरची. पाऊस कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटरला कसं जायचं हे मात्र सगळ्यांनाच सांगता येतं. स्टेशनच्या बाकावर विचारा, सलूनमध्ये विचारा, गुळाच्या बाजारात ढेपांच्या आडोशाला विचारा. “पोराला कॉम्प्युटरला घाला, डोळे झाकून,” असं छातीठोक सांगणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या मोबाइलची रिंग बदलायला शेजारच्या पोराला बोलावलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

पण डोळे झाकून जाता येईल असं ते घर नाही. त्याला तीन-चार दारं आहेत आणि प्रत्येक दारावर वेगळा द्वारपाल. इंजिनिअरिंगच्या दाराने जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, विषयगटात खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०, आणि वर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं दार जरा प्रेमळ, पण गणिताचं नाव तिथेही विचारतात. बीसीएचं दार वर्षानुवर्षं सताड उघडं होतं. २०२४ साली एआयसीटीई या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तेही आपल्या अखत्यारीत घेतलं आणि राज्याने तिथे सीईटी बसवली. त्या वर्षी जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. दाराला कडी लावल्यावर पाहुणे येईनात, म्हणून घरमालकच रस्त्यावर येऊन हाका मारू लागला.

या सगळ्या नियमांत माझा सर्वांत आवडता नियम इंजिनिअरिंगचा आहे. सीईटीत उमेदवाराचे गुण शून्य नसावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्रश्न दीडशे, प्रत्येकाला चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे पेपर सोडवून शून्य मिळवायचं तर दीडशेच्या दीडशे वेळा बरोबर पर्याय चुकवायला हवा. ज्याला हे जमेल त्याला सगळी उत्तरं येत असणार! अशा मुलाला सरकारने हाकलून न देता थेट दुसऱ्या वर्षात बसवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणखी एक गंमत. पात्रतेची ही यादी वरून खाली आणि खालून वर वाचली तरी कॉम्प्युटर येत असला पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. बारावीला कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे गुणांचा विषय घेता येतो, पण तो घेतलाच पाहिजे असं नाही. घेतलेल्यांनी १९७६ सालच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची आकृती इतक्या भक्तिभावाने पाठ केलेली असते की गावच्या नारायण महाराजांच्या बेटावर, देवळात जाऊन ती म्हणून दाखवली तरी कुणाला वावगं वाटू नये.

खरी परीक्षा मात्र कागदांची. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. त्यासाठी दौंडच्या तहसील कचेरीचे हेलपाटे, आणि हेलपाटे संपले की नेट कॅफेतला ओटीपी. बापाचा नंबर आधारला जोडलेला, बाप गुऱ्हाळावर, मोबाइल घरी चार्जिंगला, घरी एकटी आजी. पोरगी कॅफेतून फोन लावते, “आजी, आत्ता मेसेज आलाय बघ, त्यातले सहा आकडे वाच.” आजी चष्मा शोधते, मेसेज शोधते, आणि एकेक आकडा जपून वाचते. फक्त इंग्रजी आठाला ती मराठी चार समजते. ओटीपी चुकतो. दुसरा येतो, तोवर आजीने घाबरून फोन ठेवलेला असतो. “आरं, खात्यातलं पैसं गेलं म्हंजे?” आजीचं चुकत नाही. आख्ख्या गावात सायबर सुरक्षा पाळणारी ती एकटीच.

एवढं सगळं करून पोरं आत जातात. मग कळतं की बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरच्या जोडीला गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स आहे. इंजिनिअरिंगला गेलेला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासत बसतो. सॉफ्टवेअर करायला निघालेल्याची सुरुवात इतक्या हार्ड वस्तूने का, हे त्याला सबमिशनपर्यंत कुणी सांगत नाही.

जी गोष्ट खरोखर लागते ती यादीत नसते. ती बघायची तर केडगावच्या आसपास कुठल्याही गुऱ्हाळावर जावं. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या रसाने वर आलेली मळी काढून झालेली असते. गुळव्या उलथण्यावरचा पाक पाण्यात सोडतो, बोटांनी चाचपतो. गोळी होत नाही. तो वैतागत नाही, जाळाला शिव्या देत नाही. थांबतो, पुन्हा सोडतो, पुन्हा चाचपतो. अर्धविराम विसरल्यामुळे न चालणाऱ्या प्रोग्रॅमपुढे रात्री अकरा वाजता बसलेल्या मुलाला नेमकं हेच करावं लागतं. नव्वद टक्केवाल्यांना ते जमतंच असं नाही आणि पंचेचाळीसवाल्यांना जमत नाही असंही नाही.

पात्रतेचा विषय निघाला की मला केडगावातलंच, पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन आठवतं. रमाबाईंना स्वतःला कुठलाच दाखला नव्हता. आईबापांनी शिकवलेलं संस्कृत एवढ्या भांडवलावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ म्हटलं. त्याच संस्कृतचं व्याकरण पाणिनीने जवळपास चार हजार सूत्रांत बसवलं, आणि त्याची पद्धत प्रोग्रॅमिंगच्या भाषा मांडण्याच्या बॅकस रीतीशी इतकी जुळते की त्या रीतीला पाणिनीचंही नाव द्यावं, असं पीटर इंगरमन या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये सुचवलं होतं. आमची पोरं ती रीत शिकतात, पाणिनीचं नाव पेपरात येत नाही म्हणून सोडून देतात.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी मुली आणि बायका आणल्या, केडगावला वसवल्या. त्यांतल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. पुढे इथल्याच छापखान्यात बायकांनी शिशाचे खिळे जुळवले, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल छापलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. एक काना इकडचा तिकडे झाला की पान वाया. त्या काळातलं हे कमी तांत्रिक काम नव्हे. प्रवेशासाठी त्यांच्याकडे कुणी किमान टक्के मागितले नव्हते, आणि मागितले असते तरी दाखला आणायला गाव उरलं नव्हतं.

आता निदान मुलींसाठी एक चांगलं झालंय. २०२४ पासून वार्षिक आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. “पोरीला कशाला एवढा खर्च,” या वाक्याचं केडगावात तरी आता कारण उरलेलं नाही.

तेव्हा घरात कुणी अकरावीत असेल तर एवढं करा. गणित सोडू देऊ नका. लागू असेल तर जात पडताळणीचा अर्ज आत्ताच टाका, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. नॉन-क्रीमीलेअरवर मुदतीची तारीख बघून घ्या. आणि आजीला इंग्रजी आठ तेवढा ओळखायला शिकवा.