आईचा सहगुणक

सातवीत मी ३अ + २ब = ५अब असे लिहिले आणि गुरुजींनी माझी वही वर्गभर फिरवली. सजातीय पदांचीच बेरीज होते, विजातीय पदे आपापल्या जागी राहतात, असा नियम घोकत मी घरी आलो. चुलीपुढून आई म्हणाली, "म्हंजे गणितातपण जात बघतात?"

नियम तसा फार जुना. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' लिहिले. त्यात माहीत नसलेल्या, म्हणजे अव्यक्त राशींना नावे आहेत: आधी यावत्तावत्, मग रंगांची, कालक, नीलक, पीतक. काळ्यात काळे मिळवा, निळ्यात निळे. काळ्यानिळ्याची गाठ पडली तर नुसते शेजारी बसवा. (मुरबाडची रेल्वे हे आमचे सर्वांत जुने अव्यक्त. लहानपणापासून ती 'येणार' आहे.)

मला हे सगळे कळले ते गेल्या मे महिन्यात, मुरबाड-कल्याण एसटीत. कंडक्टरने आमच्या कुटुंबावरून एकदा नजर फिरवली. मी फुल. बायको हाफ, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे भाडे. दोन्ही मुले बाराच्या आतली, म्हणून हाफ. "एक फुल, तीन हाफ," तो म्हणाला. 'चार तिकिटे' म्हणाला नाही. एवढ्या गर्दीत, एका पायावर उभा राहून त्याने सजातीय पदे एकत्र केली होती.

बायको मात्र हिशोबाला पक्की. "मुलगी लहान म्हणून हाफ, बाई म्हणून पुन्हा हाफ. मग पाव तिकीट नको का?"

"तो वर्ग झाला, ताई," कंडक्टर म्हणाला. "मशीनमधे वर्ग नाही."

मी चमकलोच. क्ष आणि क्ष वर्ग यांची बेरीज का होत नाही, यावर गुरुजींनी दोन तास घालवले होते. एकाच घरातले असले तरी एकाच्या डोक्यावर टोपी आहे, म्हणून ते वेगळे, असे काहीसे सांगितले होते. हा माणूस एका वाक्यात पुढे सरकला.

राहिली आई. पंचाहत्तरी ओलांडलेली, तिला प्रवास फुकट. मशीनमधून शून्य रुपयांची चिठ्ठी आली.

"माझं काय लिवलंय?"

"शून्य. सहगुणक शून्य असला की ते पद सोडून देतात, आई."

"सोड की. पण खिडकीपाशी सोड," म्हणत ती बसली आणि करवंदांची पाटी तिने माझ्या फुल तिकिटाच्या जागेवर ठेवली.