देवाची कृपा, बायकोच्या पाटल्या

‘दिवस वाईट होते, पण पांडुरंगाने तारलं,’ हे सांगताना माणसाचा कंठ दाटून येतो. तारलं खरं. फक्त बायकोच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, आईने पेन्शनचं पासबुक पुढे केलं आणि मेव्हण्याने पोराची फी भरली. बँकेचा सराफ पाटली कसोटीच्या दगडावर घासतो, लाखेचं वजन वजा करून आकडा लिहितो, तेव्हा खुर्चीवर बसलेली असते ती बायको. पुढे नवस फिटतो, पेढे वाटले जातात. पाटल्या मात्र ‘दिवाळीनंतर बघू’.

रीत जुनीच आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. चूल पेटवायची राहिली दुसऱ्या पत्नीकडे, आवलीकडे. परंपरा सांगते, ती विठ्ठलाला शिव्या घाली आणि नवऱ्यासाठी डोंगरावर भाकरी घेऊन जाई. तिला कजाग ठरवून कीर्तनात अजून हशा वसूल होतो!

तेव्हा वारकरी बंधूंनो, आधी पाटल्या सोडवा, मग पंढरीची वाट धरा. विठोबा अठ्ठावीस युगं थांबलाय, आणखी एक आषाढी थांबेल.